गुहा-अस्वलाचीं हाडें आणि आदिमानवाचा हात

ऑस्ट्रियांतील स्टायरिया प्रांतांत मिक्सनिट्झ नांवाचें एक गांव आहे. त्या गांवाजवळील डोंगरांत एक विस्तीर्ण गुहा असून तिला तेथील लोक फार पूर्वींपासून 'द्राखेनहोले', म्हणजे ड्रॅगनची गुहा, असें म्हणत आले आहेत. ड्रॅगन हा युरोपीय लोककथांतील पंख असलेला व तोंडांतून आग ओकणारा महासर्प. या गुहेंत जमीन खणावी, तों प्रचंड कवट्या, वांकडे सुळे आणि मांडीचीं जाडजूड हाडें हातीं लागत. एवढीं हाडें कोणाचीं, या प्रश्नाचें उत्तर खेडुतांनीं आपल्या कल्पनेप्रमाणें दिलें, आणि त्याबद्दल त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. शहरांतील औषधविक्ये त्यांच्याहून शहाणे होते असेंहि नाहीं. अशाच हाडांचें चूर्ण एकशिंगी घोड्याचें म्हणून ते विकीत आणि सुशिक्षित लोक तें श्रद्धेनें घेत. पुढें पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियास शेतीकरितां खताची निकड भासूं लागली, तेव्हां १९२० ते १९२३ या काळांत याच गुहेंतील फॉस्फेटयुक्त माती मोठ्या प्रमाणावर बाहेर काढण्यांत आली. तें काम चालूं असतां शास्त्रज्ञांनीं हाडांचा अभ्यास केला आणि अंदाज निघाला तो असा कीं, त्या एका गुहेंत तीस हजारांहून अधिक अस्वलें मरून पडलीं असावींत.

हीं अस्वलें म्हणजे 'गुहा-अस्वल' या नांवानें ओळखली जाणारी, आतां पृथ्वीवरून नाहींशी झालेली जात होय. जर्मनींतील फ्रांकोनिया प्रांतांतल्या गुहांमधील हाडांचें वर्णन योहान फ्रीडरिश एस्पर या धर्मोपदेशकानें १७७४ सालीं प्रसिद्ध केलें. तीं हाडें ध्रुवप्रदेशांतील पांढऱ्या अस्वलाचीं असावींत, असा त्याचा तर्क होता. वीस वर्षांनीं, १७९४ सालीं, रोझेनम्युल्लर या तरुण शरीरशास्त्रज्ञानें ही जात निराळीच असल्याचें दाखवून तिला 'उर्सुस स्पेलेयुस', म्हणजे गुहेंतील अस्वल, हें शास्त्रीय नांव दिलें. स्पेनपासून उरल पर्वतापर्यंत हीं जनावरें पसरलेलीं होतीं. हिंदुस्थानांत तीं कधींच नव्हतीं. नराचें वजन चारशें ते पांचशें किलोपर्यंत भरे, मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. कपाळ उंच व एकदम चढतें, दाढा रुंद व सपाट. देह असा राक्षसी असला तरी बहुतेक ठिकाणीं त्याचा आहार पाला, गवत व कंदमुळें यांचाच होता, हें हाडांच्या रासायनिक परीक्षेवरून ठरलें आहे.

या शाकाहारी राक्षसाच्या हाडांशीं प्राचीन मानवाचा संबंध काय होता, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. मनुष्यानें तीं हाडें वापरलीं काय? तासलीं, कोरलीं, पुजलीं काय? आणि हें आज कळावें तरी कसें? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ह्याच बाबतींत शास्त्राला एकदां चांगलीच ठेंच लागलेली आहे.

प्रथम एका गुहेंत हाडें इतकीं कां सांचतात, तें पाहिलें पाहिजे. गुहा-अस्वल हिवाळ्याचे महिने गुहेंत निजून काढी. शरद् ऋतूंत पुरेसें खाऊन अंगावर चरबी चढली असेल, तर तें वसंतांत बाहेर येई. नसेल, तर झोंपेंतच त्याचा अंत होई. म्हातारीं, आजारीं आणि पहिल्याच हिवाळ्यांतलीं पिल्लें अशा रीतीनें फार मरत. दर वर्षीं एकच अस्वल मेलें असें धरलें, तरी दहा हजार वर्षांत एका गुहेंत दहा हजार सांगाडे होतात, आणि कित्येक गुहा याहून पुष्कळ अधिक काळ वापरांत होत्या. तेव्हां हाडांचा ढीग दिसला म्हणजे तेथें शिकाऱ्यांचा तळ होता, असें म्हणतां येत नाहीं. ही गोष्ट आतां उघड वाटते. पण शंभर वर्षांपूर्वीं ती तशी वाटत नव्हती.

स्वित्झर्लंडच्या पूर्व भागांत तामिना नदीच्या खोऱ्यांत फेट्टिस हें लहानसें खेडें आहे. त्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें २,४०० मीटर उंचीवर, 'द्राखेनलोख' नांवाची गुहा आहे. हें नांवहि ड्रॅगनवरूनच पडलेलें. १९१७ सालीं त्या खेड्यांतील शाळामास्तर टेओफिल निग यांनीं या गुहेंत खणून कांहीं हाडें व दांत काढले आणि सांक्ट गालेन येथील संग्रहालयाचे एमिल बेख्लर यांच्याकडे पाठविले. बेख्लर यांनीं तीं गुहा-अस्वलाचीं म्हणून ओळखलीं, आणि १९२३ पर्यंत दर उन्हाळ्यांत तेथें खोदकाम चाललें. रोजच्या देखरेखीचा बराच भार निग यांनींच वाहिला. खेड्यांतल्या मास्तरानें सुटीच्या दिवसांत डोंगर चढून जावें आणि विद्वानांच्या जगांत खळबळ उडवून द्यावी, ही गोष्ट शिक्षकी पेशाला भूषणावह आहे खरी.

खळबळ उडाली ती अशी. गुहेच्या आंतल्या दालनांत दगडी पेट्या सांपडल्या, असें बेख्लर यांनीं जाहीर केलें. चारी बाजूंस दगड रचलेले, वर सपाट शिळेचें झांकण, आणि आंत अस्वलांच्या कवट्या एका दिशेस तोंडें करून मांडलेल्या. भिंतीच्या कडेनें कवट्या व पायांचीं लांब हाडें रचून ठेवलेलीं. एका कवटीच्या गालफडाच्या कमानींतून दुसऱ्याच अस्वलाचें मांडीचें हाड आरपार घातलेलें. शिवाय टोकें गुळगुळीत झालेलीं शेंकडों हाडें मिळालीं. तीं कातडीं साफ करण्याचीं हत्यारें, असा निर्वाळा देण्यांत आला. हें सर्व निआंडरथल मानवानें केलें, तो अस्वलाची पूजा करीत होता, आणि धर्मभावनेचा हा जगांतील सर्वांत जुना पुरावा होय, असा सिद्धान्त त्यावर उभा राहिला. जर्मनींतील पेटर्सहोले या गुहेंतूनहि कोनाड्यांत ठेवलेल्या कवट्यांचें असेंच वर्तमान आलें. सैबेरियांतील कांहीं जमाती व जपानच्या उत्तरेकडील ऐनू लोक अस्वलाला देवतुल्य मानून त्याचा मोठा उत्सव करीत, हें मानववंशशास्त्रज्ञांस ठाऊक होतेंच. तेव्हां दुवा जुळला असें वाटण्यास वेळ लागला नाहीं. शाळेच्या पुस्तकांपासून कादंबऱ्यांपर्यंत निआंडरथलांचा अस्वलधर्म सर्वत्र पसरला. १९८० सालीं निघालेली जीन ऑएल या अमेरिकन लेखिकेची गाजलेली कादंबरी तर नांवापासूनच त्यावर आधारलेली आहे.

या सिद्धान्ताला सुरुंग लावणारे गृहस्थ व्यवसायानें डोळ्यांचे डॉक्टर होते. बाझल शहरचे डॉ. कोबी हे फावल्या वेळांत गुहांचें संशोधन करीत. १९४३ सालीं त्यांनीं एक लेख लिहून बेख्लर यांच्या हाडी हत्यारांचा समाचार घेतला. त्यांचें म्हणणें असें: गुहेंत शेंकडों पिढ्या अस्वलें ये-जा करतात, निजण्यासाठीं जमीन उकरून खळगे करतात, कुशीवर वळतात. मातींत पडलेलें फुटकें हाड त्यांच्या पायांखालीं हजारों वेळां मागें-पुढें सरकतें आणि वाळूच्या कणांशीं घांसून घांसून त्याचीं टोकें गुळगुळीत होतात. नदींतील गोटे पाण्यानें घडतात, तसे हे गोटे अस्वलांच्या पायांनीं घडलेले आहेत, इतकेंच. या म्हणण्याला एक उत्तम साक्ष गुहांच्या भिंतींचीच मिळते. अरुंद वाटांवर अस्वलांच्या केसाळ अंगाच्या घासण्यानें खडक आरशासारखा चकाकूं लागलेला अनेक गुहांत आजहि दिसतो. ज्या अंगाच्या घर्षणानें खडक झिजला, त्याच्या पायाखालीं हाड झिजावें यांत नवल तें काय?

दगडी पेट्यांची तपासणी आरंभली तेव्हां पुराव्याचें दारिद्र्य उघडें पडलें. त्या पेट्यांचें जागच्या जागीं घेतलेलें एकहि छायाचित्र नव्हतें. मजुरांच्या कुदळींनीं त्या मोडल्या गेल्या होत्या, आणि निरनिराळ्या वेळीं छापलेल्या चित्रांत कवट्यांची मांडणी व दगडांची रचना एकमेकांशीं जुळत नव्हती. पुढें फ्रान्समधील पुराणवस्तुशास्त्रज्ञ आंद्रे लरुआ-गुराँ यांनीं दुसऱ्या एका गुहेंतील अस्वलांच्या थरांचा बारकाईनें अभ्यास करून कवट्या रांगेनें कशा लागतात तें दाखविलें. अस्वल आपला खळगा उकरूं लागलें कीं आड येणारीं जुनीं हाडें बाजूला लोटतें. मध्यें उरलेलीं तुडवलीं जाऊन भुगा होतात. भिंतीला टेकलेलीं, कोनाड्यांत शिरलेलीं किंवा छतांतून कोसळलेल्या शिळांमध्यें सांपडलेलीं तेवढीं शाबूत राहतात. हजारों वर्षांनीं कोणी दिवा घेऊन आला, म्हणजे त्याला भिंतीच्या कडेनें नीट मांडलेल्या कवट्या व वर झांकण घातलेल्या शिळा दिसतात. बेख्लर यांनीं लबाडी केली असें कोणी म्हणत नाहीं, आणि म्हणूंहि नये. ज्या काळीं निआंडरथल मानवाला निव्वळ पशु समजत, त्या काळीं त्याच्या ठिकाणीं श्रद्धा असूं शकेल असें म्हणण्याचें औदार्य त्यांनीं दाखविलें. मात्र औदार्य हा पुरावा होऊं शकत नाहीं.

मग मनुष्याचा हात हाडावर ओळखावयाचा कसा? आज ही एक स्वतंत्र विद्याच झाली आहे. चकमकीच्या धारेनें हाडावर उमटलेली रेघ अरुंद असते, तिचा छेद इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा टोंकदार असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं तिच्या तळाशीं समांतर बारीक ओरखडे दिसतात. कारण दगडाची धार कधींच अगदीं सरळ नसते. तरस किंवा लांडगा यांच्या दातानें पडलेली खांच रुंद व गोलट असते. पायाखालीं तुडवल्यानें पडलेले चरे उथळ असून वाटेल त्या दिशेनें धांवतात. ताजें, ओलें हाड फोडलें तर तें मळसूत्री फुटतें. वाळलेलें हाड वाळक्या काटकीसारखें आडवें मोडतें. पण खरी कसोटी रेघेच्या आकारापेक्षां तिच्या जागेंत आहे. खाटिकाचा सुरा सांध्यावर, स्नायु जेथें हाडाला चिकटतो तेथें किंवा कातडें जेथें हाडाला लागून असतें तेथें फिरतो. अर्थावांचून कोठेंहि फिरत नाहीं. ज्या रेघांना असा अर्थ आहे त्यांवरच विश्वास टाकावा, हा या विद्येंतील मुख्य नियम होय.

हा नियम लावून पाहिला असतां काय मिळतें त्याचें एक सुंदर उदाहरण जर्मनींतील शोनिंगेन येथें आहे. हें ठिकाण सुमारें तीन लक्ष वर्षांपूर्वींच्या लांकडी भाल्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथें मिळालेल्या अस्वलाच्या पंजांच्या हाडांवर बारीक चिरा असल्याचें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. हें अस्वल गुहा-अस्वलाच्या घराण्यांतलें, तें स्वतः किंवा त्याचा पूर्वज होय. आतां पंजांत मांस तें किती असणार! तेथें सुरी चालविण्याचें एकच सयुक्तिक कारण संभवतें: कातडें पंजापासून अखंड सोडवून घेणें. अस्वलाच्या कातड्याला लांब राठ केंस आणि त्यांखालीं दाट मऊ लोकर असते. कडक थंडींत त्याच्यासारखें पांघरूण दुसरें नाहीं. आणि कातडें उपयोगीं पडावयाचें तर तें जनावर मरतांच काढलें पाहिजे; कुजूं लागलेल्या देहाचे केंस गळतात. म्हणजे या लोकांनीं मेलेलें अस्वल योगायोगानें पाहिलें नसून बहुधा तें मारलेंच होतें. दोन-तीन चिरांवरून तीन लक्ष वर्षांपूर्वींचें पांघरूण डोळ्यांपुढें उभें राहतें. सुई त्या काळीं नव्हती. तेव्हां तें कातडें खांद्यावरून नुसतें ओढून घेत असावेत, किंवा चामड्याच्या वादीनें आवळीत असावेत.

इटलींतील रिओ सेक्को या गुहेंत निआंडरथल मानवांनीं अस्वलांचें कातडें काढलें, मांस तोडलें आणि मज्जेसाठीं हाडेंहि फोडलीं, हें अशाच खुणांवरून ठरलें आहे. तथापि हरीण, घोडा, गवा यांच्या हाडांवर अशा खुणा जितक्या विपुल सांपडतात, तितक्या गुहा-अस्वलाच्या हाडांवर कोठेंच सांपडत नाहींत. अस्वलाच्या वाटेस मनुष्य क्वचितच जाई, आणि तें साहजिकच आहे.

हाडाचा अवजार म्हणून उपयोग झाल्याचें निर्विवाद उदाहरण बेल्जममधील स्क्लादिना गुहेंतलें आहे. आपल्याकडे पाटा गुळगुळीत झाला म्हणजे पाथरवटीण दारावर येऊन त्याला टांकी लावते. चकमकीच्या हत्याराचेंहि तसेंच असतें. वापरून त्याची धार बोथट झाली म्हणजे कांठावरून बारीक बारीक कपच्या उडवून ती पुन्हां ताजी करावी लागते. त्या कामीं दगडानें दगड ठोकला तर कांठ फुटण्याचा संभव असतो. म्हणून थोडें मऊ, पण चिवट असें हाड बरें पडे. असें हाड वापरलें म्हणजे त्याच्या एका जागीं लहान खळग्यांचा व तुटक रेघांचा दाट पुंजका उमटतो. हे पुंजके दाताचे नव्हत, पायाचे नव्हत, पाण्याचेहि नव्हत. दुसऱ्या कोणत्याच कारणानें ते तसे पडत नाहींत. स्क्लादिना येथें निआंडरथल कारागिरानें गुहा-अस्वलाचें मांडीचें हाड ताजें असतां फोडलें आणि त्याचे तुकडे या कामीं वापरले. संशोधकांनीं ते तुकडे पुन्हां एकमेकांस जुळवून पाहिले, तेव्हां त्यांतील अनेक तुकडे एकाच हाडाचे असल्याचें दिसून आलें. एका कारागिराच्या एका बैठकीचें काम, असें म्हटलें तरी चालेल. येथें देव नाहीं, पूजा नाहीं. जवळ पडलेल्या वस्तूचा चतुर उपयोग करणारा एक हात मात्र स्पष्ट दिसतो. द्राखेनलोखच्या सर्व दगडी पेट्यांपेक्षां या चार-दोन तुकड्यांचें मोल अधिक आहे.

आतां ज्या हाडाबद्दल सर्वांत अधिक वाद माजला त्याकडे वळूं. स्लोव्हेनिया देशांत दिव्ये बाबे नांवाची गुहा आहे. १९९५ सालीं इवान टुर्क यांच्या देखरेखीखालीं चाललेल्या खोदकामांत तेथें एका गुहा-अस्वलाच्या पिल्लाचें मांडीचें हाड मिळालें. लांबी साडेअकरा सेंटिमीटरहून किंचित् कमी, दोन्ही टोकें तुटलेलीं, आणि एका बाजूस एका ओळींत दोन वाटोळीं भोंकें. टोकांशीं आणखी भोंकांचे अर्धवट कांठ. काळ सुमारें पन्नास ते साठ हजार वर्षांपूर्वींचा, म्हणजे निआंडरथलांचा. पाहतांक्षणींच कोणालाहि पांव्याची आठवण व्हावी असें तें हाड आहे. हा जर खरोखर पांवा असेल, तर संगीताचा उगम आपल्या मानवजातीच्याहि पलीकडे जातो.

पण १९९८ सालीं फ्रांचेस्को देरिको व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आक्षेप घेतला. ज्या गुहांत मनुष्याचा वास कधींच नव्हता, तेथेंहि पिल्लांच्या हाडांना अशींच वाटोळीं भोंकें आढळतात. तीं मांसाहारी जनावरांच्या सुळ्यांनीं पडतात. या हाडाचीं टोकेंहि चावलेलीं दिसतात. टुर्क पक्षानें उत्तरादाखल प्रयोग केले. जनावरांच्या दातांसारखे धातूचे दांत करवून ताज्या हाडांत दाबून पाहिले, तों हाडांना भेगा पडूं लागल्या. उलट चकमकीच्या टोंकानें खोदून व ठोकून असें भोंक पाडतां येतें, आणि हत्याराची खूणहि फारशी मागें उरत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. एका वादकानें त्या हाडाच्या प्रतिकृतीवर सूर वाजवून रसिकांस ऐकविले. परंतु सूर निघतो, एवढ्यावरून तो पूर्वीं काढला जात होता असें सिद्ध होत नाहीं. वेळूच्या कांडक्याला भुंग्यानें भोंक पाडलें तरी त्यांतून वारा सूर काढतोच. २०१५ सालीं तर हीं भोंकें तरसानें पाडलीं, असें दुसऱ्या एका संशोधकानें प्रतिपादिलें. विद्वानांत याविषयीं आजहि एकमत नाहीं. ल्युब्लियाना येथील राष्ट्रीय संग्रहालयांत तें हाड मोठ्या अभिमानानें निआंडरथलाचा पांवा म्हणून ठेवलेलें आहे. ज्यांस याविषयीं निःशंक व्हावयाचें असेल त्यांनीं जर्मनींतील होले फेल्स गुहेंत २००८ सालीं मिळालेला पांवा पाहावा. तो गिधाडाच्या पंखाच्या हाडाचा असून त्याला पांच भोंकें आहेत; भोंकांभोंवतीं हाड तासून बोटास जागा केलेली आहे, आणि तो सुमारें चाळीस हजार वर्षांपूर्वीं आपल्यासारख्याच मानवानें केला, याबद्दल कोणास शंका नाहीं.

दातांच्या बाबतींत मात्र वाद फारसा नाहीं. बल्गेरियांतील बाचो किरो गुहेंत सुमारें ४५ हजार वर्षांपूर्वींच्या थरांत, युरोपांत आलेल्या आरंभींच्या आधुनिक मानवांच्या अवशेषांबरोबर, दांतांचे लोलक मिळाले; हा वृत्तान्त २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक दांत गुहा-अस्वलाचे आहेत. कांहींच्या मुळाशीं भोंक पाडलेलें, तर कांहींच्या मुळाला दोरा बसावा म्हणून खांच केलेली. दोऱ्यानें भोंकाचा कांठ झिजणें, अंगाशीं घासून दांताची पाठ चकचकीत होणें, अशा खुणांवरून लोलक नुसता केला होता कीं खरोखर वापरला होता, हेंहि कळतें. फ्रान्समधील रेन गुहेंत निआंडरथलांचे म्हणून मानले जाणारे लोलक याच धर्तीचे आहेत. ते या नवागतांचें पाहून केले असावेत, असें बाचो किरोच्या संशोधकांस वाटतें. निआंडरथलांस असल्या अनुकरणाची गरज नव्हती, असेंहि मानणारे आहेत. एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अस्वलाचा दांत गळ्यांत घालणाऱ्यानें तें अस्वल स्वतः मारलेंच असेल असें नाहीं. गुहेंत पावलोपावलीं असे दांत पडलेले होते. शिकारीचें शौर्य मिरवावयाचें होतें, कीं त्या प्राण्याचें बळ अंगीं यावें अशी इच्छा होती, कीं दांत दिसावयास सुंदर होता एवढेंच, हें दांत सांगत नाहीं.

पूजेचा प्रश्न इतक्यानें निकालांत निघतो काय? सर्वस्वीं नाहीं. दक्षिण फ्रान्समध्यें १९९४ च्या डिसेंबरांत शोव्हे नांवाच्या गुहेचा शोध लागला. तिच्या भिंतींवर सिंह, गेंडे, घोडे यांचीं तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचीं अप्रतिम चित्रें आहेत, आणि तांबड्या रंगांत काढलेलीं अस्वलेंहि आहेत. जमिनीवर गुहा-अस्वलाच्या शेंकडों हाडांचा सडा पडलेला. भिंतींवर कोठें अस्वलांच्या नखांच्या ओरखड्यांवर चित्र काढलेलें, तर कोठें चित्रावर नखांचे ओरखडे. एका दालनांत छतांतून पडलेल्या सपाट शिळेच्या कडेवर अस्वलाची एकच कवटी ठेवलेली आहे. तिच्याखालीं कोळशाचे कण आहेत. ती कवटी पाण्यानें किंवा अस्वलानें तेथें नेली असें म्हणणें कठीण आहे. ती कोणीतरी उचलून ठेवली, हें बहुतेक संशोधक मान्य करतात. तिची पूजा झाली कीं एखाद्या पोरानें गंमत म्हणून ती तेथें ठेवली, यावर मात्र सुज्ञ मनुष्यानें मौन धरावें. फरक एवढाच कीं या गुहेचें दार फार प्राचीन काळींच दरड कोसळून बंद झालें होतें, आणि शोध लागल्यावर कुदळ घेऊन आंत कोणी शिरलें नाहीं. मोजमापें व छायाचित्रें आधीं झालीं, तर्क मागाहून आले. द्राखेनलोखच्या वेळीं क्रम उलटा होता.

आणि शेवटीं मनुष्याच्या हातीं या प्राण्याचें काय झालें, हाहि प्रश्न त्या हाडांनाच विचारण्यांत आला आहे. २०१९ सालीं ५९ गुहा-अस्वलांच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसलें कीं त्यांची संख्या सुमारें चाळीस हजार वर्षांपूर्वींपासून घसरूं लागली. हिमयुगांतील अति कडक थंडी त्यानंतर पुष्कळ काळानें आली; तेव्हां थंडीनेंच हीं जनावरें मेलीं असें म्हणतां येत नाहीं. युरोपांत आधुनिक मानव पसरला तो काळ मात्र हाच. स्पेनमधील गुहांच्या अभ्यासांत असेंहि आढळलें आहे कीं एका गुहेंतील अस्वलें एकाच कुळांतील असत. पिढ्यान् पिढ्या तीं जन्माच्या गुहेकडेच परत येत. मनुष्याला गुहा हवी असे ती थंडीवाऱ्यापासून आसरा म्हणून; अस्वलाला ती हवी असे जीव वांचविण्यासाठीं. हिवाळ्याच्या तोंडावर ठराविक दारावर यावें आणि आंत जाळ पेटलेला दिसावा, असें त्यांच्या नशिबीं वारंवार आलें असेल. सुमारें चोवीस हजार वर्षांपूर्वीं ही जात संपली.

ज्या होले फेल्स गुहेंत तो गिधाडाच्या हाडाचा पांवा मिळाला, तेथेंच गुहा-अस्वलाचा पाठीचा एक मणका मिळालेला आहे. तो सुमारें तीस हजार वर्षांपूर्वींचा आहे. मणक्याच्या बाजूच्या फांट्यांत चकमकीचा एक लहान त्रिकोणी तुकडा शिरलेला आहे: फेंकलेल्या किंवा खुपसलेल्या भाल्याचें मोडलेलें टोंक. त्याच गुहांतील गुहा-अस्वलांच्या इतर हाडांवर कातडें काढल्याच्या व मांस तोडल्याच्या चिराहि आहेत. भाला वर्मीं लागला कीं नुसता चाटून गेला, अस्वल झोंपेंत होतें कीं चवताळून उठलें होतें, शिकारी किती होते, हें त्या मणक्यावरून कळत नाहीं. टोंक मात्र हाडांतून काढण्याच्या खटपटींत कोणी पडलें नाहीं. तें अद्याप तेथेंच रुतलेलें आहे.